आपले गाव, आपले दप्तर

(ज्ञातिसंस्थेच्या वाई येथील वार्षिक संमेलनात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संस्थेच्या चिटणीसांनी या व्याख्यानासाठी मला प्रथम जो विषय सुचविला होता, तो 'आपल्या ज्ञातीचा इतिहास' असा होता. विषय मोठा होता आणि तो सुचविण्यामागचा हेतूही चांगला होता. तथापि मी त्यांच्याकडे एक लहानसा फेरफार मागून घेतला व त्यांनी तो उदार मनाने मान्य केला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. आज मी ज्ञातीविषयी नव्हे, तर आपल्या या वाई गावाविषयी आणि या गावाच्या इतिहासाची जी साधने आपणां सर्वांच्या घरांत आणि भोवताली पडून आहेत त्यांविषयी बोलणार आहे. ज्ञातीचा विषय मी टाळला, असे कोणी समजू नये. माझे म्हणणे एवढेच की, ज्ञातीचा इतिहास हा गावाच्या इतिहासातून सोलून वेगळा काढता येत नाही. काढावयास गेले तर हातात सालपट राहते आणि गर गळून जातो. हे का, ते पुढे ओघाने येईलच.

प्रथम, जे डोळ्यांना दिसते त्यापासून आरंभ करू. वाई हे कृष्णाकाठचे गाव. दक्षिण काशी या नावाने ते ओळखले जाते. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड असे येथे सात घाट आहेत. या घाटांची नावे आपण लहानपणापासून घेत आलो, पण ही नावे म्हणजे गावाच्या वस्तीचा एक नकाशाच आहे, हे क्वचितच आपल्या ध्यानात येते. माघ-फाल्गुनाच्या सुमारास कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो, तो एका घाटावरून दुसऱ्या घाटाकडे पाळीपाळीने जातो. उत्सवाचा क्रम, मानकऱ्यांची घरे, प्रसादाची व्यवस्था, वर्गणीची वही या प्रत्येक गोष्टीत गावाने आपली घडण जपून ठेवली आहे. या उत्सवाचा आरंभ अफझलखानाच्या स्वारीच्या संकटकाळी बोललेल्या नवसातून झाला, अशी परंपरा सांगतात. अफझलखानाकडे वाईची सुभेदारी होती आणि १६५९ साली तो फौजेनिशी वाईस येऊन राहिला, तेथूनच प्रतापगडच्या भेटीची बोलणी झाली, हा तर इतिहास आहे. परंपरा आणि इतिहास यांची येथे गाठ पडते. अशा गाठी सोडविताना दोहोंपैकी एकही धागा तोडता कामा नये. परंपरेला परंपरा म्हणावे, कागदाला कागद म्हणावे आणि दोन्ही जपून ठेवावे.

गणपती घाटावरचे ढोल्या गणपतीचे देऊळ पाहावयास परगावचे लोक मुद्दाम येतात. ते गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधविले. त्याच्या अगोदर, १७५७ साली, आनंदराव भिकाजी रास्ते यांनी शेजारचे काशीविश्वेश्वराचे देऊळ उभारले होते. भिकाजी नाईक रास्ते यांची कन्या गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांना दिलेली होती आणि त्या संबंधाने वाईचे नाव पुण्याच्या राजकारणाशी जोडले गेले. हे सर्व आपणांस ठाऊक आहे. परंतु गणपतीच्या देवळाच्या मागच्या भिंतीकडे आपण कधी लक्षपूर्वक पाहिले आहे काय? ती सपाट नाही. पुराचे पाणी अंगावर आले असता दुभंगून दोहो बाजूंनी निघून जावे, म्हणून ती माशाच्या आकाराची, निमुळती बांधलेली आहे. देवळावर नाव रास्त्यांचे आहे आणि ते योग्यच आहे. द्रव्य त्यांचे होते. पण कृष्णेचा पूर कोणत्या अंगाने चढतो, किती चढतो, कोणता दगड किती वर्षे पाण्यात टिकतो, हे ज्ञान ज्यांच्या हातांत होते त्या पाथरवटांची आणि गवंड्यांची नावे आपल्या तोंडी नाहीत. ती कोठेच नसतील असे मात्र नाही. बांधकामाच्या जमाखर्चात मजुरीच्या रकमेपुढे नाव लिहिण्याची पद्धत होती. तो जमाखर्च टिकला तर नाव टिकते, तो गेला की नाव जाते. इतिहासातील पुष्कळशा माणसांचे आयुष्य एवढ्या एका ओळीवर अवलंबून असते.

आता नदीच्या काठाकाठाने मेणवलीस चला. औंधच्या प्रतिनिधींकडून नाना फडणविसांस हे गाव मिळाले. तेथे त्यांनी वाडा आणि घाट बांधला. घाटावरच्या देवळाजवळ जी मोठी घंटा टांगलेली आहे, ती १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई जिंकल्यानंतर तिकडून आलेली. तिच्यावर १७०७ हे साल आहे. पोर्तुगीजांच्या देवळासाठी ओतलेली घंटा कृष्णाकाठी येऊन वाजू लागली. एका लहानशा गावचा इतिहास समुद्रापर्यंत कसा पोहोचतो, याचे इतके ठसठशीत उदाहरण शोधूनही मिळावयाचे नाही. आज पुष्कळ लोक मेणवलीचा घाट ओळखतात तो चित्रपटांत पाहिला म्हणून. त्यातही वाईट काही नाही. पण मेणवलीचे खरे धन घाट नव्हे, घंटाही नव्हे, तर तेथील दप्तर होय. नानांच्या दप्तरातील कागद रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी उजेडात आणले. साताऱ्यास त्यांनी केलेला संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजाकडे गेला आणि अभ्यासकांस खुला झाला.

याहूनही आपल्याला अधिक अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. पुढे या मालेचे बावीस खंड झाले आणि महाराष्ट्राच्या इतिहासाचे स्वरूपच त्यांनी पालटून टाकले. पहिल्या खंडात १७५० पासून १७६१ पर्यंतचे, म्हणजे पानिपतच्या प्रसंगापर्यंतचे कागद आहेत. हे कागद कोठे सापडले? कोणत्या राजाच्या खजिन्यात नव्हे, कोणत्या सरकारी कचेरीत नव्हे, तर येथे, वाईस, एका खाजगी वाड्यात. पानिपतावर काय घडले हे महाराष्ट्रास समजावे, यासाठी वाईच्या एका घराने आपले जुने कागद राहू दिले, हे पुरेसे झाले. त्या घराने काही पराक्रम केला नाही. त्याने फक्त ते जाळले नाहीत, विकले नाहीत आणि मागावयास आलेल्या माणसास दार उघडले. बंधूंनो, इतिहासाची सेवा म्हणतात ती बहुधा एवढीच असते.

परंतु सर्वच कागदांचे दैव असे चांगले नसते. माझ्या माहितीच्या एका घराण्याचा जुना वाडा काही वर्षांपूर्वी उतरविण्यात आला. घरातील मंडळी सुशिक्षित, धार्मिक आणि सज्जन आहेत. माळ्यावर तीन पोती भरून मोडी कागद निघाले. ते कोणास वाचता येईनात. रद्दीत घालणे मनास पटेना, कारण त्यांत पूर्वजांचे हस्ताक्षर होते. म्हणून त्यांनी शुभ दिवस पाहून, हळदकुंकू वाहून, ती तीनही पोती कृष्णेत सोडली. मी त्यांना दोष देत नाही. जीर्ण पोथ्या जलार्पण कराव्यात ही आपल्याकडील जुनीच समजूत आहे आणि तिच्या मुळाशी अक्षराविषयीचा आदर आहे. पण आदराने केलेला नाश हाही नाशच असतो. त्या तीन पोत्यांत काय होते, हे आता कोणालाही, कधीही सांगता यावयाचे नाही. आज आपल्या गावात जुने वाडे एकामागून एक उतरत आहेत, त्यांच्या जागी सदनिका उभ्या राहात आहेत. कुटुंबे वाढली, वाटण्या झाल्या, मुले पुण्यामुंबईस किंवा परदेशी गेली. हे अपरिहार्य आहे. वाडे वाचविणे आपणां सर्वांच्या शक्तीबाहेरचे आहे. पण वाडा उतरविताना माळ्यावरची ट्रंक उघडून पाहणे हे काही शक्तीबाहेरचे नाही.

आपण म्हणाल, आमच्या घरी नाना फडणविसांची पत्रे थोडीच असणार? नसतील. आणि नसली म्हणून काही बिघडत नाही. आपल्या घरी रोजकीर्द असेल, खतावणी असेल, कर्जरोखे, फारखती, वाटणीपत्रे असतील, लग्नकार्याच्या खर्चाच्या याद्या असतील. या शेवटच्या प्रकाराकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. एका घरातील लग्नखर्चाची जुनी यादी माझ्या पाहण्यात आली. ती चाळीत असता मला असे दिसले की, मी एका कुटुंबाचा नव्हे, तर साऱ्या गावाचा कागद वाचीत आहे. कासाराकडून बांगड्या, माळ्याकडून फुले व मुंडावळ्या, कुंभाराकडून बोहल्याची मडकी, तांबोळ्याकडून विड्याची पाने, शिंप्याची शिलाई, परिटाची धुलाई, न्हाव्याचे देणे, गुरवाच्या पत्रावळी, वाजंत्र्यांची बिदागी, भोयांची मजुरी, ओझी वाहणाऱ्यांचे पैसे. यजमान एका ज्ञातीचे होते. कार्य मात्र सगळ्या गावाने उभे केले होते. ज्ञातीचा इतिहास गावाच्या इतिहासातून वेगळा काढता येत नाही असे मी आरंभी म्हणालो, ते या यादीच्या आधारावर. आपल्या पूर्वजांनी लिहिलेल्या कागदांत इतरांचे पूर्वज आहेत आणि इतरांच्या कागदांत आपले आहेत. आपला इतिहास अर्धा शेजाऱ्यांच्या घरी ठेवलेला आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे माझे कर्तव्य आहे. ज्ञातिसंस्था इतिहासाकडे वळल्या की त्यांना बहुधा थोर पूर्वज हवे असतात. कोणी एखादा सरदार, एखादा मुत्सद्दी, एखादी सनद सापडावी आणि स्मरणिकेच्या पहिल्या पानावर ती छापावी, अशी इच्छा मनात असते. ही इच्छा मानवी आहे, पण ती घातक आहे. जुन्या काळीसुद्धा वतनाच्या तंट्यात उपयोगी पडावी म्हणून आपल्या घराण्याची हकीकत फुगवून लिहिण्याचा प्रघात होता. कैफियती, करिने, वंशावळी यांत सत्याबरोबर पक्षकाराचा वकीलही बोलत असतो. असे कागद टाकून द्यावयाचे नसतात, पण त्यांची साक्ष दुसऱ्या कागदाशी ताडून घ्यावयाची असते. हिशेबाच्या वहीला मात्र सहसा अशी हौस नसते. पावशेर तूप आणले हे लिहिताना कोणाला आपला मोठेपणा दाखवावयाचा नसतो. म्हणून मी म्हणतो, सनदेइतकाच किंबहुना थोडा अधिक आदर किराण्याच्या यादीला द्या.

दुसरी गोष्ट, ज्यांच्याजवळ कागदच नाहीत त्यांची. आपल्या ज्ञातीतील निम्मी माणसे, म्हणजे आपल्या आया, आज्या, पणज्या, यांची नावे वंशावळीत बहुधा नसतातच. पित्याच्या नावापुढे पुत्राचे नाव आणि मध्ये एक रेघ. त्या रेघेत जिने संसार केला तिचा मागमूस नाही. मग तिला शोधावयाचे कोठे? स्वयंपाकघरात शोधा. जुन्या तांब्यापितळेच्या भांड्यांवर नावे घातलेली असत. लग्नात आलेल्या घागरीवर, परातीवर, ताटावर माहेरचे नाव, गावाचे नाव, कधी साल कोरलेले असते. मोडीत घालण्यापूर्वी ती अक्षरे उतरून घ्या. स्त्रियांच्या ओव्यांत माहेरच्या वाटेवरची गावे, नद्या, देव येतात; त्या ज्यांना अजून पाठ आहेत अशा वृद्धा आपल्या घरांत थोड्याच उरल्या आहेत. आता प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपून घेणारे यंत्र आहे. एका रविवारी दोन तास आजीपुढे बसावे, तिला बोलू द्यावे, मध्ये आपण फार बोलू नये, आणि तिचे नाव, वय, माहेर व तारीख आरंभीच नोंदून ठेवावी. धोमच्या धरणाच्या जलाशयात ज्यांच्या जमिनी आणि घरे गेली त्या कुटुंबांच्या बाबतीत तर हे काम अधिकच निकडीचे आहे. पाण्याखालच्या गावाच्या आळ्या आज केवळ माणसांच्या आठवणीत उभ्या आहेत.

आता घराबाहेर पडू. या लहानशा शहरात सार्वजनिक साधनांची जी समृद्धी आहे, तिची कल्पना आपल्यालाच पुरती नाही. नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी, घरपट्टीच्या आकारणीची पुस्तके, ठरावांची पुस्तके असतात. कोणत्या आळीत दिवा कधी लागला, नळ कधी आला, कोणत्या रस्त्याचे नाव कधी बदलले, हे तेथे कळते. जुन्या शाळांचे जनरल रजिस्टर हा तर अमोल ठेवा होय. मुलाचे नाव, जन्मगाव, जात, आधीची शाळा, शाळा सोडल्याचे कारण, एवढे सर्व एका ओळीत मिळते. शाळा सोडल्याच्या कारणांचे रकाने ओळीने वाचीत गेले तर गावातील दारिद्र्य, साथी आणि स्थलांतर यांचा इतिहास आपोआप डोळ्यांपुढे उभा राहतो. भूमिअभिलेख कार्यालयात मिळकतपत्रिका आणि फेरफार आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पूर्वजांनी यात्रेच्या वेळी आपल्या हातांनी लिहिलेली नावे आहेत. १८८५ साली प्रसिद्ध झालेले सातारा जिल्ह्याचे जुने गॅझेटियर आहे; परक्या राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीसाठी ते केले हे खरे, पण त्या काळच्या वाईचे वर्णन त्यात आढळते. गावाबाहेर लोहारे येथील पालपेश्वराची लेणी आहेत. आपल्या सर्व दप्तरांच्या पुष्कळ अगोदर या खोऱ्यात बौद्ध भिक्षूंची वस्ती होती, याची ती साक्ष देतात.

आणि विद्येच्या संस्थांविषयी काय सांगावे! नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढे संन्यास घेतलेले केवलानंद सरस्वती, यांनी येथे प्राज्ञपाठशाळा चालविली. १९१७ च्या सुमारास विनोबा भावे येथे शास्त्राध्ययनासाठी येऊन राहिले होते. खानदेशातील पिंपळनेरहून आलेले लक्ष्मणशास्त्री जोशी याच पाठशाळेत तयार झाले. धर्मकोशाचे आणि सात भागांच्या मीमांसाकोशाचे प्रचंड काम या लहान गावात झाले. 'नवभारत' मासिक पुढे येथूनच निघू लागले. शास्त्रांचा अभ्यास केलेल्या याच तर्कतीर्थांनी १९३२-३३ च्या सुमारास अस्पृश्यतानिवारणाच्या कामी गांधीजींना शास्त्राधार पुरविण्यास साहाय्य केले, हे आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने विशेष करून ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जुने ग्रंथ जपणे आणि जुन्या भिंती पाडणे ही दोन्ही कामे एकाच माणसास करता येतात, हे या गावाने दाखवून दिले. पुढे १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले, तर्कतीर्थ त्याचे अध्यक्ष झाले आणि मराठी विश्वकोशाचे कार्यालय वाईस आले. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आणि विसावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. आज ते सर्व खंड संगणकावर कोणासही विनामूल्य वाचता येतात. साऱ्या जगाचे ज्ञान मराठीत आणण्याचे काम ज्या गावात झाले, त्या गावाच्या आळ्यांचा स्वतःचा साधा कोश अद्याप नाही. हे उणे भरून काढण्यास सरकारची वाट पाहावी लागत नाही.

मग आपण काय करावे? मी मोठी योजना मांडणार नाही. मोठ्या योजनांसाठी निधी लागतो, समिती लागते, आणि समितीच्या बैठका होईतो वाडा उतरतो. मी चार लहान कामे सुचवितो.

पहिले काम, ट्रंकेची यादी. प्रत्येक कुटुंबाने येत्या दिवाळीच्या साफसफाईच्या वेळी जे जे जुने कागद, फोटो, वह्या, पत्रिका घरात आहेत त्यांची नुसती यादी करावी. कागद वाचता आले पाहिजेत असे नाही. इतके रुमाल, इतक्या वह्या, मोडी किंवा बाळबोध, कोणाकडून आल्या, एवढे पुरे. जुन्या फोटोंतील माणसांची नावे वडीलधाऱ्यांस विचारून वेगळ्या कागदावर लिहावीत. फोटोच्या पाठीवर शाईने लिहू नये. फाटलेल्या कागदास चिकटपट्टी लावू नये आणि प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद करून टाकू नये. ओल, उंदीर आणि वाळवी यांपासून दूर, कोऱ्या सुती फडक्यात सैल बांधून ठेवावेत. आपल्या वाडवडिलांचा रुमाल याहून निराळा नव्हता.

दुसरे काम, मोडी शिकणे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून गेली आणि दोन पिढ्यांत आपण आपल्याच आजोबांचे पत्र वाचावयास असमर्थ झालो. राज्य शासनाच्या पुराभिलेख विभागातर्फे मोडीचे वर्ग घेतले जातात. आपल्या संस्थेने दरवर्षी पाच तरुणांस आणि, मी आग्रहाने म्हणतो, पाच निवृत्त माणसांस अशा वर्गास पाठवावे. निवृत्तांजवळ वेळ असतो आणि जुने शब्द त्यांच्या कानांवरून गेलेले असतात. लिपीबरोबर कालगणनाही शिकावी लागते. शकात अठ्ठ्याहत्तर मिळविले की इसवी सन येतो, हे आपणांस ठाऊक आहेच. पण जुन्या कागदांवर पुष्कळदा सुहूर सन असतो आणि तोही अरबी शब्दांत. उदाहरणार्थ, 'सलास सितैन मया व अलफ'. सलास म्हणजे तीन, सितैन साठ, मया शंभर आणि अलफ हजार, मिळून ११६३. हे साल मृगापासून सुरू होते, म्हणून त्यात ५९९ किंवा, इसवी सनाचे नवे वर्ष लागल्यावर, ६०० मिळवावयाचे, म्हणजे १७६२-६३. ढोल्या गणपतीच्या देवळाचे साल याच सुमाराचे. एवढी किल्ली हातात आली की जो कागद काल मुका होता तो आज बोलू लागतो.

तिसरे काम, नकला. मूळ कागद कोणी कोणास देऊन टाकावेत असे मी म्हणत नाही. ते आपल्या घरीच राहू द्या. पण त्यांची छायाचित्रे काढून एक प्रत संस्थेकडे आणि एक प्रत गावातील ग्रंथालयात किंवा १९१० पासून हे कार्य करीत असलेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे असावी. ज्यांना मूळ कागद सांभाळणे शक्य नाही, त्यांनी ते अशा संस्थेकडे पावती घेऊन सोपवावेत. एकाच घरात असलेला कागद एका आगीचा, एका पुराचा, एका वाटणीचा धनी असतो.

चौथे काम, आळीवार नोंद. आपण ज्या आळीत राहतो तेथील प्रत्येक देऊळ, पार, विहीर, आड, जुना वाडा, शिलालेख, तालीम, छापखाना, दुकान यांची नोंद करावी. ती केवळ आपल्या ज्ञातीच्या घरांची नव्हे, सर्वांची. मशिदीचे, दर्ग्याचे, मिशनच्या इमारतीचे, बौद्ध विहाराचे टिपण त्यात तितक्याच काळजीने यावे. ज्या वस्तीत कागद नाहीत तेथे जाऊन माणसांस विचारावे आणि जे ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहावे.

यावर एक शंका येईल आणि ती रास्त आहे. जुने कागद बाहेर काढले तर जुनी भांडणेही बाहेर येतील. कोणाची जमीन कोणाकडे कशी गेली, कोणी कर्ज बुडविले, कोण दत्तक आले, कोणास घराबाहेर काढले, हे सारे चव्हाट्यावर येईल, अशी भीती पुष्कळांच्या मनात असते. खरे सांगावयाचे तर, कित्येक घरांत ट्रंक बंद असते ती आळसामुळे नव्हे, या भीतीमुळे. म्हणून काही मर्यादा आपण आधीच ठरवून घ्याव्यात. यादी करणे म्हणजे कागद छापणे नव्हे. हयात माणसांविषयीचा मजकूर त्यांच्या संमतीवाचून कोणासही दाखवू नये. ज्या कागदावर वाद चालू आहे तो वाद मिटेपर्यंत बाजूस ठेवावा, पण नाहीसा करू नये. आणि जे पुरातन झाले आहे, ते मात्र सोसण्याची आपण तयारी ठेवावी. आपल्या पूर्वजांनी कोणाचे घर तारले असेल, तसे कोणाचे बुडविलेही असेल; कोणास पाणवठ्यावरून हाकलले असेल. असा कागद हाती आला तर तो लपविण्याने पूर्वज थोर होत नाहीत. तो कागद तसाच पुढे ठेवण्याने आपण मात्र थोडे मोठे होतो.

भगिनी आणि बंधूंनो, आपल्या स्मरणिकेत दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांची नावे, वधूवरांच्या याद्या, देणगीदारांचे आभार आणि दिवंगतांना श्रद्धांजली प्रसिद्ध होते. ही पाने मी नेहमी आस्थेने वाचतो, कारण शंभर वर्षांनी कोणी आपला इतिहास लिहू लागला तर त्याला हीच पाने उपयोगी पडतील. माझी विनंती एवढीच की, पुढील वर्षापासून या स्मरणिकेत आणखी दोन पाने ठेवावीत. त्यांत त्या वर्षी कोणकोणत्या घरांनी आपल्या ट्रंका उघडल्या, त्यांत काय मिळाले आणि त्या कागदांत गावातील कोणाकोणाची नावे आढळली, एवढे छापावे. शेवटचा मुद्दा विसरू नये. आपल्या घरच्या यादीत ज्या कासाराचे, माळ्याचे, वाजंत्र्याचे नाव सापडेल, त्याच्या वंशजांच्या दारी जाऊन ती ओळ त्यांना दाखवावी. त्यांच्या पणजोबांचे नाव कदाचित दुसऱ्या कोठेही लिहिलेले नसेल. ते आपल्या घरी इतकी वर्षे सुखरूप राहिले आणि आज आपण ते त्यांच्या हाती देत आहो, याहून मोठा मान आपल्या संस्थेस कोणत्या सनदेने मिळणार आहे?